जोडयादी आपल्याकडे नसेल, तर रुग्णांचा विदा (डेटा) निनावी ठरतो का? (जीडीपीआर, म्हणजे युरोपीय विदा-संरक्षण कायदा)

पुण्यातील एका छोट्या विश्लेषण गटात मी काम करतो. नेदरलँड्समधील एका रुग्णालयाकडून आम्हाला काही हजार रुग्णांच्या नोंदी मिळणार आहेत. नाव-पत्ता काढून प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक दिलेला आहे आणि क्रमांक-नावांची जोडयादी रुग्णालयातच राहणार आहे. पूर्ण जन्मतारीख, लिंग, पोस्टकोडचे चार आकडे आणि निदान मात्र नोंदीत तसेच आहे, आणि त्यातली काही निदाने दुर्मीळ आजारांची आहेत.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की, जोडयादी आपल्या हाती नाही, म्हणजे आपल्यापुरता हा विदा निनावीच आहे. मला ते पटत नाही. जीडीपीआरच्या प्रस्तावनेतील २६व्या परिच्छेदानुसार खर्च, वेळ आणि उपलब्ध तंत्रज्ञान लक्षात घेऊन, ओळख पटवण्यासाठी वापरली जाण्याची वाजवी शक्यता असलेली सर्व साधने विचारात घ्यावी लागतात. जोडयादी हे त्यातले एकच साधन झाले. युरोपीय नियामकांच्या कार्यगटाने २०१४ साली तीन कसोट्या सांगितल्या होत्या: एखाद्याला गर्दीतून वेगळे काढता येते का, त्याच्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात का, आणि त्याच्याविषयी काही अनुमान काढता येते का. आमचा विदा पहिल्याच कसोटीवर अडखळतो. अमेरिकी गोपनीयता-संशोधक लताना स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवले होते की, जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिपकोड एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे. आमच्याकडे तर याखेरीज आजारही आहे!

वरिष्ठांची बाजू अगदीच निराधार नाही, हेही मान्य करतो. युरोपीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०२५ च्या निकालात म्हटले आहे की, सांकेतिक केलेला विदा प्रत्येकासाठी, प्रत्येक वेळी वैयक्तिकच असतो असे नाही. परंतु विदा कोणाकोणाला दिला जाईल हे संबंधित व्यक्तींना सांगण्याचे कर्तव्य मात्र गोळा करणाऱ्याच्या दृष्टिकोनातून तपासायचे आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. जन्मतारखेऐवजी वयोगट आणि पोस्टकोडऐवजी प्रांत घेतला, दुर्मीळ निदाने गाळली आणि ओळख शोधण्यास करारानेच मनाई केली, तर 'वाजवी शक्यता' उरत नाही असे म्हणता येईल का? तसे झाले तरी रुग्णालयाच्या दृष्टीने हा विदा वैयक्तिकच राहत असेल, तर भारतात पाठवताना प्रमाणित करारकलमे (युरोपबाहेर विदा पाठवण्यासाठी युरोपीय आयोगाने ठरवून दिलेली कलमे) लागतीलच ना? आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील कलम १७ परदेशी करारांतर्गत येणाऱ्या परदेशस्थ व्यक्तींच्या विदाला बरीच सूट देते, पण सुरक्षेची जबाबदारी कायम ठेवते, असे मी वाचतो. हे वाचन बरोबर आहे का? अशा करारांवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया लिहावे.