अनुभव धागा : यंत्र पुढे जाते, पण मागे येत नाही

करुळघाट
काल सातारा–कागल महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामापाशी वाहतूक अडली, म्हणून गाडीतून उतरून उभा राहिलो. समोर एक बॅकहो लोडर (पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले यंत्र) मागचा हात लांबवून, बकेट मातीत रोवून, स्वतःलाच फूटफूटभर मागे ओढून घेत होता. जमलेल्यांना ती चालकाची करामत वाटत होती. मला मात्र पाहताक्षणी कळले की याचा रिव्हर्स गेला आहे, कारण असाच एक दिवस मी करुळ घाटात काढलेला आहे.

पावसाळा होता, गगनबावड्याच्या पुढे उतरणीला दरड आली होती आणि ती हटवायला माझा जेसीबी लावला होता. (आपल्याकडे यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला जेसीबीच म्हणतात, तसेच येथेही समजावे.) चालकाने राडारोडा दरीकडे लोटला आणि लिव्हर मागे ओढला. मागे येण्याचा भोंगा वाजू लागला, इंजिनाचा आवाजही चढला, पण चाके जागची हलेनात. पुढची चाके कठड्याच्या तुटक्या भागापासून दीड हातावर होती. चालकाने पुढची बकेट जमिनीला टेकवली, खुर्ची फिरवली आणि मागच्या हाताने ओढत, पाऊण तासात यंत्र रस्त्याच्या आतल्या अंगाला आणले. त्या पाऊण तासात मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही, कारण बोलण्याची हिंमत नव्हती.

पुढची चूक माझी स्वतःची आहे. भोंगा वाजतो, म्हणजे लिव्हरपासूनची वीज पोहोचते, असे मी आणि मिस्त्री दोघेही धरून चाललो. गिअरबॉक्स उतरवला, कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या साहाय्याने गिअरबॉक्सला देणारा भाग) वेगळा केला, रिव्हर्सच्या क्लचपॅकच्या (तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या चकत्यांच्या जुडीच्या) प्लेटा काढल्या, तर त्या जवळपास नव्या निघाल्या. उघडलाच आहे तर बदलून टाका, म्हणून प्लेटा आणि सील नवे घातले. सहा दिवसांनी यंत्र जोडून बाहेर काढले आणि ते पुन्हा फक्त पुढेच गेले. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर वायरमनला आणले. त्यांनी चाकांना ओंडके लावले, सगळ्यांना यंत्रापासून लांब उभे केले आणि गिअरबॉक्सवरच्या दोन सोलेनॉइडचे (वीज मिळाली की तेलाचा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलचे) कप्लर, म्हणजे वायरचे जोड, काढून, पुढचे मागच्याला आणि मागचे पुढच्याला लावले. लिव्हर पुढे टाकल्यावर यंत्र मागे जाऊन ओंडक्याला टेकले! लिव्हर मागे घेतल्यावर मात्र ते ढिम्म राहिले. म्हणजे कॉइल, व्हॉल्व्ह, क्लच सगळे ठीक होते आणि फक्त वायर मेलेली होती. हे काम दहा मिनिटांचे होते.

आपापले अनुभव लिहावेत. दोष कसा सापडला, हे लिहिले तर अधिक बरे.

बगॅसयार्ड
आमचा चाकी लोडर गळीत हंगामात साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) यार्डात असतो. सकाळी सगळे व्यवस्थित चालायचे, अकराच्या सुमारास रिव्हर्स दोन-तीन सेकंद उशिरा घ्यायचा आणि दुपारी घेईनासा व्हायचा. चालक चहा पिऊन यायचा, तोवर यंत्र पुन्हा शहाण्यासारखे मागे यायचे. या लहरीपणामुळे आम्ही महिनाभर वायरिंगच्या मागे लागलो होतो. शेवटी लक्षात आले की हा थंड-गरमचा खेळ आहे. रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसत होता, पण तो आणि त्याच्यापुढचा ट्रान्समिशन तेलाचा कूलर यांच्यामधल्या फटीत बगॅसचा भुसा घोंगडीसारखा दाबून बसला होता. हाताने ओढला तर अखंड पट्टा निघाला. तेल तापून पातळ व्हायचे, आधीच झिजलेल्या सीलमधून दाब निसटायचा आणि रिव्हर्सचा क्लच पकड सोडायचा.

सफाईनंतर तो हंगाम निभावला, पण उष्णतेने सील कडक झालेच होते, त्यामुळे हंगाम संपल्यावर पॅक उघडावा लागला. रिव्हर्सच आधी का गेला, याबद्दल माझे मत असे आहे की यार्डातले चालक यंत्र पुढे पळत असतानाच लिव्हर मागे टाकतात. भरलेल्या यंत्राचा सगळा वेग मारण्याचे ब्रेकचे काम मग रिव्हर्सच्या प्लेटांना करावे लागते.

उताराचीशेती
आमच्याकडे हॅन्डब्रेकचा स्विच अडकला होता. हॅन्डब्रेक लागलेला आहे असे यंत्राला वाटत होते, म्हणून ते ड्राइव्ह घेत नव्हते. स्विच साफ केल्यावर काम झाले.

करुळघाट
@उताराचीशेती, तसे असेल तर यंत्र पुढेही जायला नको. तुमचे पुढे जात होते का?

उताराचीशेती
आपला प्रश्न रास्त आहे. पुढे गोठ्याची भिंत होती, त्यामुळे पुढे घेऊन पाहण्याची कोणालाच बुद्धी झाली नाही. तीन तास आम्ही 'रिव्हर्स गेला' म्हणून डोके धरून बसलो होतो.

तांबडापांढरा
कोल्हापूरचे यंत्र आहे, ते मागे हटणार कसे?

हिशेबवही
वरच्या विनोदावर आमच्या घरात कोणी हसणार नाही, कारण आमची दोन यंत्रे तासाच्या भाड्यावर चालतात आणि त्यांची वही माझ्याकडे असते. यंत्र उभे राहिले की तासांचा रकाना रिकामा राहतो, पण बँकेचा हप्ता मात्र तारखेला येतो.

आमच्या यंत्राला रिव्हर्समध्ये चढावर दम नव्हता. सपाटीवर ते मागे यायचे, पण जरा चढ आला की इंजिन ओरडायचे आणि यंत्र तिथेच थरथरायचे. मिस्त्रींनी क्लचपॅकचा खर्च सांगितला, तेव्हा मी सवयीने मागची बिले काढून बसले आणि मला दिसले की वर्षभरात ट्रान्समिशनच्या तेलाचे एकही बिल नव्हते, तरी डीपस्टिकवर पातळी पूर्ण होती. धाकट्या दिरांना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की कमी झाले की ते डब्यात उरलेले इंजिनाचे तेल ओतत होते. तेल ते तेलच, असा त्यांचा सिद्धांत होता.

तेल बदलल्यावर फरक पडला, पण पूर्ण गुण आला नाही. जाणकारांनी कारण सांगावे.

फिटर_शिरोली
वहिनी, एकदा तेल सोडल्याने सगळे तेल निघत नाही. कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये बरेचसे जुने तेल राहते, म्हणून नवे भरून, यंत्र थोडे चालवून, पुन्हा एकदा सोडावे लागते. त्या वेळी तळाची जाळीही काढून पाहावी. जाळीवर काळा लगदा असेल तर प्लेटांचे अस्तर गेले आहे, आणि चमकणारी धातूची भुकटी असेल तर तुमच्या मिस्त्रींचा खर्च खरा आहे, असे समजावे.

पॅक उघडण्याआधी दाब मोजून घ्यावा, हा माझा आग्रह असतो. गेल्या उन्हाळ्यात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक यंत्र पाहिले. तेल गरम करून मीटर लावला, तर पुढच्या क्लचला १५ बार आणि मागच्याला जेमतेम ९ दाखवत होता. दोन्हीकडे कमी असता तर मी जाळी आणि पंप पाहिला असता. दोन्हीकडे पूर्ण असता आणि तरी यंत्र घसरत असते, तर प्लेटांवर संशय घेतला असता. एकाच बाजूला कमी म्हणजे त्या वाटेवर गळती, आणि तशीच ती निघाली : शाफ्टवरची सीलिंग रिंग तुटलेली होती. प्लेटांना हातही लावावा लागला नाही. थंड तेलावर हाच मीटर दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा दाखवत होता, हे मुद्दाम नमूद करतो.

हिशेबवही
आभारी आहे. दुसऱ्यांदा तेल सोडून जाळी पाहायला सांगते. दिरांनाच तळाशी झोपवते.

लालमाती
राधानगरीच्या बाजूला बॉक्साइटच्या कामावर माझे पोकलेन (चेनवर चालणारे खोदकामाचे यंत्र) होते. पुढे दोन्ही चेन सारख्या चालायच्या, पण मागे घेताना डावी चेन मंद पडायची आणि यंत्र तिरके फिरायचे. ट्रॅव्हल मोटर (चेन फिरवणारी तेलावरची मोटर) गेली, असा सर्वांचा निकाल होता आणि मोटरची किंमत ऐकून माझा घसा कोरडा पडला होता. एका मित्राच्या सांगण्यावरून सेंटर जॉइंटच्या (यंत्राच्या फिरत्या वरच्या भागातून खाली तेल नेणाऱ्या जोडाच्या) खालून मोटरींकडे जाणाऱ्या नळ्यांची डावी-उजवी अदलाबदल केली. नळ्या सोडण्याआधी तांबडी माती पाण्याने धुऊन, कापडाने पुसून घेतली होती, कारण तीच माती आत गेली असती तर चांगली मोटरही मेली असती. यंत्र सुरू केल्यावर मंदपणा उजव्या चेनला गेला. म्हणजे मोटर निर्दोष होती.

नळ्या पूर्ववत केल्या आणि मग जॉइंटच्या वरच्या बाजूची अदलाबदल केली. या वेळी मंदपणा डावीकडेच राहिला. वरून येणारा दाब ठीक आहे आणि खालची मोटरही ठीक आहे, तर मधला सेंटर जॉइंटच उरतो. आतले सील फाटून एका वाटेचे तेल दुसऱ्या वाटेत जात होते आणि बाहेर एक थेंबही दिसत नव्हता. सीलचा संच मोटरच्या मानाने किरकोळ किमतीत आला.

चिखलीकाठ
२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून कल्पना यावी. प्रयाग चिखलीच्या बाजूला उभे असलेले आमचे यंत्र पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर गिअरबॉक्सचे तेल सोडले, तर दुधाळ चहासारखे आले. एकदा तेल बदलले, यंत्र चालू लागले आणि गावात इतका चिखल काढायचा होता की दुसऱ्यांदा बदलायला कोणालाच सवड झाली नाही. दिवाळीपर्यंत रिव्हर्स गेला. प्लेटांवरचे अस्तर ओल्या पुठ्ठ्यासारखे नखाने सुटत होते. राहिलेल्या पाण्याने अस्तराचा चिकटपणाच घालवला होता. कप्लरमधल्या पिनांवर हिरवा थर होता तो वेगळाच.

रोलरवाला
माझा दोष अगदी क्षुल्लक होता, पण लाज फार वाटली. राधानगरी रस्त्यावर गरम डांबर नुकतेच पसरले होते आणि रोलर त्याच्यावर पुढे जाऊन थांबला. लिव्हर पूर्ण मागे, रोलर जागेवर. रोलरला गिअरबॉक्स नसून पंप आणि मोटर असतात, म्हणून मी थेट पंपालाच दोष दिला. मदतनिसाने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "मामा, वर लिव्हर हलतोय, खाली काहीच हलत नाही." पंपाच्या टोकाला केबल जिथे अडकते, तिथली क्लिप पडून केबल निसटली होती. बांधकामाच्या तारेने ती बांधून रोलर मागे आणला, तोपर्यंत ड्रमच्या रुंदीचा खड्डा डांबरात उमटला होता. तो खरवडून पुन्हा भरावा लागला आणि ते डांबर माझ्या बिलातून कापले गेले.

फिटर_शिरोली
@करुळघाट, एक शंका राहिली आहे. लिव्हरपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर मेलेली होती, तर भोंगा कसा वाजत होता?

करुळघाट
त्याच शंकेने आम्हाला सहा दिवस फसवले. भोंग्याची वायर स्टिअरिंगच्या खांबाखालीच फुटून वेगळी जाते. सोलेनॉइडची तिथून पुढे केबिनच्या फरशीतल्या भोकातून खाली उतरते. त्या भोकाचे रबर कधीतरी पडून गेले होते आणि पत्र्याच्या कडेने वायर आतून कापली गेली होती. वरचे आवरण जवळजवळ अखंड होते. वायरमनकाकांनी ती दोन बोटांत धरून वाकवली आणि ती मधोमध दोऱ्यासारखी मऊ लागली, तेव्हा जागा कळली. रबर आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापून घातले होते, ते यंत्र विकेपर्यंत टिकले.