चरबी उतरवायची तर आधी काय कमी करायचं, बारवरच्या प्लेट की ताटातलं तेल?

(चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

लोखंडी बार, टिळकवाडी

पाऊस सरत आला की बेळगावातल्या जिममध्ये गर्दी वाढते आणि ‘कटिंग’ सुरू होतं. कटिंग म्हणजे काय, तर बारवरच्या प्लेट (लोखंडी दांड्याला लावलेल्या वजनाच्या चकत्या) उतरवायच्या, २५-२५ रेप्स (तीच हालचाल लागोपाठ २५ वेळा) मारून घाम काढायचा आणि घरी भाकरी बंद करायची. माझ्या मते या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत.

खाणं कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं. स्नायू राखून ठेवायला त्याला एकच कारण समजतं, ते म्हणजे ओझं. महिनाभर ८० किलोचा स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बैठक) मारणाऱ्यानं एकदम ४० वर आणला, तर मांड्या तेवढ्या ठेवायची शरीराला गरजच उरत नाही. म्हणून बारवरचं वजन तेच ठेवा आणि सेट (न थांबता मारलेल्या रेप्सचा एक फेरा) कमी करा. एका स्नायूला आठवड्याला १६ सेट देत असाल तर १०-११ वर या. सेटला ५ ते ८ रेप्स मारा, अजून एक-दोन निघतील असं वाटेल तिथं बार ठेवा. दोन सेटमध्ये २-३ मिनिटं थांबा. आठवड्याला ३ दिवस पुरतात.

आता ताट. ७५ किलो वजन, १७० सेंमी उंची, वय ३२, बैठी नोकरी असा पुरुष धरा. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. हे होतात साधारण १,६५८, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरी. त्याला बैठ्या कामाच्या १.४ नं गुणलं की दिवसाचा खर्च २,३०० कॅलरीच्या आसपास येतो. त्यातून ४०० वजा केले की राहतात १,९००. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम चरबी उतरेल. पहिल्या आठवड्यात काटा दीड किलो खाली गेला तर भुलू नका, ते पाणी असतं. स्नायूंमधला साठवणीतला प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरानं साठवलेली साखर) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून असतो. तो साठा कमी झाला की पाणीही जातं.

प्रोटीन किलोमागे १.८ ग्रॅम धरलं तर १३५ ग्रॅम हवं. ३ अख्खी अंडी १८, शिवाय ४ अंड्यांचा पांढरा भाग १४, चिकन ब्रेस्ट १५० ग्रॅम (कच्चं वजन) ३४, सोया चंक्स ५० ग्रॅम (कोरडे) २६, मटकी ६० ग्रॅम (कोरडी) १४, गाईचं दूध किंवा दही ३०० मिली १०, आणि ज्वारीच्या ३ भाकऱ्या २०. झाले १३६. भाकरी यात बसते, हे बघा.

बसत नाही ती तिच्या शेजारची वाटी. ७० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे सुमारे २४० कॅलरी. दोन मोठे चमचे शेंगाचटणी ११० आणि तिच्यावर ओतलेलं एक मोठा चमचा तेल १२०, म्हणजे २३०. एक भाकरी सोडून चटणीवर तेल ओतलं तर सोडलेलं सगळं परत ताटात आलं.

तालमीची माती, निपाणी

दादा, तुम्ही सांगायलाय ते एसी जिममधल्या पोरांना ठीक हाय. आमच्या निपाणी-चिकोडी भागात निम्म्या गावात बारच नाही, तालीम हाय. तिथली पोरं २०-२० दंडाचे ५ फेरे, १०० बैठका, मुद्गर, दोर चढणं आणि वर मातीत झोंबी करतात. अंगावर चरबी राहत नाही, आणि ताकद बघायची असेल तर त्यांच्या हातात मनगट देऊन बघा. हलकं आणि भरपूर केलं की दम वाढतो, आणि दम वाढला की चरबी आपोआप जाते.

दुसरं, कमी खाऊन जड उचलायला लावणं धोक्याचं हाय. पोटात नाही आणि पाठीवर ८० किलो, अशातच कंबर जाते. तिसरं, दहा माणसांच्या घरात मटकी ६० ग्रॅम मोजून कोण देणार? फडावर कुस्ती लागली की आमचे पैलवान दोन दिवसांत ३ किलो उतरवतात, ते काय आकडेमोड करून नव्हं.

लोखंडी बार, टिळकवाडी

काका, दोर चढणं आणि दंड यांच्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोरावर अख्खं अंग हातांनी ओढायचं असतं, ते जडच काम. बैठकांचं मात्र तसं नाही. १०० बैठका काढणाऱ्याला पहिल्या ७० सोप्याच जातात, आणि वजन उतरत गेलं की त्याच बैठका आणखी हलक्या होतात. दम वाढतो, पण मांड्यांवरची मागणी कमी होत जाते.

फडाआधीच्या त्या ३ किलोंना चरबी म्हणू नका. पाणी तोडून, गरम कपड्यात पळून काढलेला तो घाम आहे. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयातले ३ कुस्तीगीर असंच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोलीवर बंदी आली. आपल्याकडे अजून प्लॅस्टिकचं जर्किन घालून पोरं पळतात. हे बंद व्हायला हवं, आणि तालमीतल्या मोठ्या माणसांनी सांगितलं तरच ते बंद होईल.

ज्वारी-नाचणी, शहापूर

दोघांचंही गणित पुरुषाचं आहे. घरातल्या बाईचं मांडून बघा. ५८ किलो, १५५ सेंमी, वय ४०. बायकांच्या सूत्रात शेवटी ५ मिळवायच्या ऐवजी १६१ वजा करतात. आकडा येतो १,१८८, आणि १.४ नं गुणल्यावर सुमारे १,६६०. यातून ४०० काढले तर १,२६० उरतात. एवढ्यात प्रोटीन, लोह, कॅल्शियम सगळं बसवणं अवघड. चिडचिड होते, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात आणि सणाला सगळं सुटतं. २५० च कमी करा. आठवड्याला पाव किलोपेक्षा थोडं कमी उतरेल, पण टिकेल. काट्यापेक्षा कंबर मोजा, बेंबीच्या पातळीला, सकाळी, श्वास सोडून. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, तेव्हा या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसाशी लावून बघा. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंमीवर आणि पुरुषांची ९० वर गेली की लक्ष घालायची वेळ आली, असं धरतात.

दहा माणसांच्या घरात मोजायचं कसं, हा काकांचा प्रश्न खरा आहे. माणशी मोजू नका, तेल मोजा. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख घाला. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर संपत असेल तर माणशी रोज ३३ मिली झालं, म्हणजे जवळपास २७५ कॅलरी. अडीच लिटरवर आणलं तर २१ मिली. माणशी रोज १०० कॅलरी कमी झाल्या आणि कुणाच्या ताटात काट्याची लुडबुड नाही. कमी करायची जागा म्हणजे भरलं वांगं. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं या वाटणालाच तेल सुटतं. चार जणांच्या भाजीला दोन मोठे चमचे तेलाची फोडणी करा, वांगी परतून अर्धी वाटी पाणी घाला आणि ताटली झाकून तिच्यावरही पाणी ठेवा. मंद आचेवर मऊ होतात. तेलाचा तवंग हवाच, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो स्वतःच्या वाटीत घ्यावा.

उपवासाचंही सांगते. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतं आणि कोरड्या १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी. वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. आठवड्यात दोन उपवास खिचडीवर काढले तर पाच दिवसांची मेहनत त्यात जाते. राजगिरा, दही, ताक आणि मोजून २५ ग्रॅम शेंगदाणे घ्या.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात कमी करू नका, साखर एकदम खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचं १३५ ग्रॅमचं गणित तुमच्यासाठी नाहीच.

प्लेट काढा, खानापूर

ताईंचं सगळं पटलं. पण ‘बारवरचं वजन तेच’ हा नियम मला मान्य नाही.

एका सेटला ५ रेप्स असोत की २५, शेवटी एक-दोनच निघतील इथपर्यंत नेलं तर स्नायू टिकतो. हे आता नवीन राहिलेलं नाही. मग डाएटच्या सहाव्या आठवड्यात, झोप साडेपाच तासांवर आलेली असताना, ५ रेप्सचं ओझं पाठीवर घ्यायचा हट्ट कशाला? प्लेट काढा, पाऊण वजनावर या आणि ८ ते १२ रेप्स करा. जमिनीवरून डेडलिफ्ट (बार उचलून उभं राहणं) मारणाऱ्यानं गुडघे किंचित वाकवून, कंबरेतून झुकून, बार नडगीच्या मध्यापर्यंतच न्यायचा. मांडीच्या मागचा स्नायू तेवढाच ताणला जातो आणि कंबर वाचते. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला मी हेच सांगेन.

लोखंडी बार, टिळकवाडी

८ ते १२ ला माझी हरकत नाही. २५ ला आहे, कारण ते प्रत्यक्षात कसं केलं जातं ते बघा. ३० सेकंद विश्रांती, जळजळ झाली की थांबायचं, आणि अजून दहा निघाले असते. आधी दम हरतो आणि स्नायूपर्यंत काम पोचतच नाही. तुम्ही म्हणता तसं टोकाला नेलेलं २५ मी मान्य करतो, पण स्क्वॉटमध्ये ते करणारा विरळा.

क्रमाबद्दल मात्र मी ठाम आहे. वहीत लिहा. त्याच वजनावर लागोपाठ दोन वेळा २ पेक्षा जास्त रेप्स घसरले तर आधी झोप बघा. मग ताटात रोज १००-१५० कॅलरी परत घाला, व्यायामाआधी अर्धी भाकरी किंवा एक केळं. मग प्रत्येक व्यायामाचा एक सेट काढा. प्लेट सगळ्यात शेवटी. घसरला की प्लेट काढायची सवय लागली तर तीन महिन्यांत ८० चे ५० होतात, आणि आरशात दिसणारा बारीकपणा थोडाफार स्नायूंचाही असतो.

प्लेट काढा, खानापूर

तिशीतल्याला हा क्रम ठीक. गुडघे कुरकुरणाऱ्याला पहिली प्लेटच. दुखणं आलं की दोन महिने बार बंद, मग काय राखणार? मी मत बदलत नाही.

राजहंसगड चढण

एक गोष्ट सगळ्यांच्या हिशेबातून सुटली आहे, पावसाळा. जून ते सप्टेंबर इकडे झड लागली की संध्याकाळचं रेसकोर्सवरचं फिरणं आणि रविवारचा येळ्ळूरचा गड दोन्ही बंद होतं. ७५ किलोचा माणूस सपाटीवर एक किलोमीटर चालला की साधारण ४० कॅलरी जास्तीच्या खर्च होतात. रोजचे ५ किलोमीटर सुटले म्हणजे २०० गेल्या. लोखंडी बार दादांच्या ४०० पैकी निम्म्या तिथंच संपल्या, आणि ‘वजन अडकलं’ म्हणून लोक भाकरी तोडतात. वजन अडकलं तर ताटाला हात लावायच्या आधी पावलं मोजा. घरात, जिन्यात, फोनवर बोलताना, कुठंही चाला. चालण्यानं बारवरची ताकद जात नाही, पळण्यानं पाय थकून स्क्वॉट मात्र बिघडतो.

तालमीची माती, निपाणी

चालण्याचं पटलं. पाण्याचं बी पटलं, जर्किन मी पोरांना काढायला लावीन.

खुराकाबद्दल बोला की कोणीतरी. लिटरभर म्हशीचं दूध, तूप, बदाम हे मेहनत चालू असेपर्यंत जिरतं. लिटरभर म्हशीच्या दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात, हे मला बी ठाऊक हाय. आमच्यात पोट सुटतं ते तालीम सुटल्यावर. कुस्ती सोडतात, दूध सोडत नाहीत. अशा माणसाला दूध बंद म्हटलं तर तो ऐकणार नाही. साय काढून अर्धा लिटर प्या आणि वरचं तूप बंद करा म्हटलं तर ऐकतो.

आणि बार नसलेल्या गावात बैठक जड कशी करायची, ते नीट सांगा.

लोखंडी बार, टिळकवाडी

वाळूची पिशवी, काका. १० किलोपासून सुरू करा. छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून धरायची, खांद्यावर एका बाजूला टाकायची नाही, कणा वाकडा होतो. खाली जायला मनात ३ आकडे मोजा, तळाला एक आकडा थांबा आणि टाच न उचलता वर या. १२ रेप्सचे ३ फेरे नीट जमले की २ किलो वाळू वाढवा. ३० किलोला पोचलात की एका पायावरची बैठक, पुढचा पाय जमिनीवर, मागचा पाय कट्ट्यावर, पिशवी पुन्हा १० वर. दंडासाठी पाय विटेवर नाही, गुडघ्याएवढ्या कट्ट्यावर ठेवा. वाळू आधी दोन-दोन किलोच्या प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा आणि मग पोत्यात भरा. नुसती पोत्यात ओतली तर उतरताना सगळी एका कोपऱ्यात सरकते आणि तोल जातो.