मदत हवी आहे : खापरं भरपूर, पण जागा महत्त्वाची कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. नांगरलेल्या जमिनीचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण चालू आहे. आम्ही चौघं दहा-दहा मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चालतो, खापर दिसलं की जीपीएसवर नोंद करतो, उचलत नाही. (मोह होतो, खोटं कशाला बोला!) एका कोपऱ्यात माती राखाडी आहे. तिथं खापरं दाट आहेत, कडा धारदार आहेत आणि काचेसारखी वितळलेली मळीही (भट्टीतला स्लॅग) मिळाली. बाकी शेतातली खापरं झिजून गोल झालेली, बहुधा खतातून पसरलेली.

भट्टी असावी असा माझा अंदाज. भाजलेली माती मॅग्नेटोमीटरवर (जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारं यंत्र) ठळक उठते, पण इथं नांगराचे लोखंडी तुकडेही पडलेत, ते घोळ घालणार. तरी आधी यंत्र फिरवू की थेट चाचणी खड्डा घेऊ? खड्डा एकदा खणला की तेवढा पुरावा कायमचा गेला.

दुसरं, अहवालात महत्त्व कसं मांडता? १९७९ च्या बर्रा सनदेत (Burra Charter, वारसास्थळं जपण्याची ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक सनद) ऐतिहासिक, वैज्ञानिक, सामाजिक अशी मूल्यं आहेत. पण वरचा थर नांगराने विस्कटलेला असताना वैज्ञानिक मूल्य कशाच्या जोरावर लिहायचं? खालचा थर शाबूत आहे हे न खणता कुणी दाखवलंय का?