संपाच्या मतदानात निम्मे सभासद गैरहजर: दोष कोणाचा?

मुक्ता (लेस्टर)

‘निवृत्त कार्मिक अधिकारी’ यांनी काल येथे लिहिले की, ज्या संघटनेचे निम्मे सभासदही मत द्यायला उठत नाहीत तिला संप पुकारण्याचा नैतिक अधिकार नाही, आणि म्हणून ब्रिटनसारखी किमान 50 टक्के मतदानाची अट आपल्याकडेही आणावी. त्याच ब्रिटनमध्ये मी परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवले नाही. जून 2023 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या आमच्या परिचारिकांच्या संघटनेच्या मतदानात 84 टक्के मते संपाच्या बाजूने पडली, परंतु एकूण मतदान सुमारे 43 टक्केच झाल्यामुळे ही अट घालणाऱ्या 2016 च्या कायद्यानुसार तो कौल निकामी ठरला. आता हे मतदान तेव्हा कसे होत असे, तेही ऐका. मतपत्रिका टपालाने घरच्या पत्त्यावर येई आणि टपालानेच परत पाठवावी लागे. वॉर्डात पेटी ठेवता येत नसे आणि फोनवरून मतही देता येत नसे. बाहेरच्या देशांतून आलेल्या आम्हा परिचारिकांची भाड्याची घरे सारखी बदलतात. माझ्या एका सहकारी मुलीचा लिफाफा जुन्या घराच्या दारामागे, पिझ्झाच्या जाहिरातींच्या ढिगाखाली सापडला, तोही मुदत संपल्यावर. ती संपाच्या बाजूने होती. कायद्याच्या हिशेबात मात्र ती ‘उदासीन’ ठरली.

निवृत्त कार्मिक अधिकारी

मुक्ताताई, लिफाफ्याची कहाणी वाचून वाईट वाटले, परंतु त्याच देशात, त्याच टपालाने, फेब्रुवारी 2023 मध्ये कनिष्ठ डॉक्टरांनी 77 टक्के मतदान केले आणि त्यांपैकी 98 टक्क्यांनी संपाला होकार दिला. त्यांची घरे बदलत नाहीत का? ज्याला खरोखर तळमळ असते तो टपालपेटीपर्यंत चालत जातो.

मी हे ऐकीव माहितीवर बोलत नाही. चाकण पट्ट्यातील एका कारखान्यात मी नोकरीला असताना गेट मीटिंगमध्ये संपाचा निर्णय कसा होतो, ते डोळ्यांनी पाहिले आहे. नेते टेम्पोच्या हौद्यावर उभे राहून म्हणाले, “ज्यांना संप नको त्यांनी हात वर करावा.” साहजिकच एकही हात वर झाला नाही, आणि संघटनेच्या फलकावर ‘एकमताने ठराव मंजूर’ असे झळकले. त्याच संध्याकाळी त्या गर्दीतले काही जण माझ्या केबिनमध्ये येऊन, “साहेब, मुलांची फी भरायची आहे, काहीतरी तोडगा काढा,” असे सांगून गेले. अशा एकमतापेक्षा 50 टक्क्यांची अट शतपटीने बरी.

परळकर

साहेब, केबिनमध्ये आलेल्यांची नावे आपण कुठे टिपून ठेवलीत आणि पुढच्या पगारवाढीच्या वेळी त्यांचा उपयोग कसा झाला, तेही लिहा म्हणजे चित्र पूर्ण होईल.

आपल्याला कामगारांच्या मताची एवढी चाड असेल, तर गिरण्यांच्या वेळी ती कुठे होती? माझे वडील परळच्या गिरणीत साळखात्यात (विणकाम विभागात) होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, तरी मालक आणि सरकार यांचा एकच धोशा होता की, 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रातिनिधिक संघटना आहे आणि बोलणी तिच्याशीच होतील. ते प्रतिनिधित्व ठरले होते सभासदांच्या नोंदवहीवरून, गुप्त मतदानाने नव्हे. तेव्हा मतपेटी कोणालाच नको होती. आता मात्र टक्के मोजायचे आहेत.

निवृत्त कार्मिक अधिकारी

नावे टिपण्याचा आरोप अत्यंत हीन आहे, त्यावर मी अधिक काही लिहिणार नाही. गिरण्यांचा विषय आपणच काढलात, तर दुसरी बाजूही ऐकून घ्या. डॉ. दत्ता सामंतांनी तरी त्या अडीच लाखांना सहा महिन्यांनंतर पुन्हा विचारले का, की पुढे चालू ठेवायचे की परतायचे? तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ज्या 2016 च्या ब्रिटिश कायद्याला येथे शिव्या पडत आहेत, त्यात एका कौलाची मुदत सहा महिन्यांची ठेवली होती आणि त्यानंतर नव्याने मतदान घ्यावे लागे. अशी तरतूद आपल्याकडे असती, तर कित्येक घरे वाचली असती.

परळकर

माझे घर वाचले नाही, म्हणून ही जखम आपल्याइतक्या सहजपणे मला उघडता येत नाही. पुन्हा विचारायला हवे होते, हे वडीलही पुढे म्हणत असत, एवढे मान्य करतो. आपल्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. परंतु विचारणार कसे होते, ते सांगा. गाठीशी काही उरले नाही तेव्हा हजारो कामगार कोकणात, साताऱ्याकडे, घाटावर आपापल्या गावी गेले. वडील लांज्याजवळ भावाच्या शेतावर राबत होते. ब्रिटिश पद्धतीने मतपत्रिका लालबाग-परळच्या खोल्यांवर गेल्या असत्या, त्या परत आल्या नसत्या आणि मतदान निम्म्याखाली राहिल्याने संप ‘कामगारांनीच नाकारला’ असे मालकांनी आनंदाने जाहीर केले असते.

आकडेमोड

दोघेही तापला आहात, म्हणून थोडे गणित मांडतो. हजार सभासदांच्या संघटनेत 450 जणांनी मत दिले आणि सगळेच संपाच्या बाजूने असले, तरी संप बेकायदा. आणखी 60 जण येऊन ‘नको’ म्हणाले, तर मतदान 51 टक्के होते आणि तोच संप कायदेशीर ठरतो. म्हणजे संप नको असलेल्या माणसाने घरी बसण्यातच शहाणपण आहे. मतदान वाढवण्यासाठी आणलेली अट विरोधकाला मत न देण्याचे बक्षीस देते, हे साहेबांनी कुठल्या नैतिकतेत बसवले आहे?

आणि ‘आपल्याकडेही अट आणावी’ म्हणण्यापूर्वी आपल्याच राज्याचा 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा उघडून पाहिला असता, तर बरे झाले असते. मान्यताप्राप्त संघटना असेल तेथे नोटिशीपूर्वी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला नसेल, तर संप बेकायदा, असे त्यात लिहिलेले आहे. बहुमत सभासदांचे, मत देणाऱ्यांचे नव्हे. ही अट ब्रिटनहून कडक आहे.

मुक्ता (लेस्टर)

अट आणणाऱ्यांच्या नैतिकतेविषयी एवढेच सांगते की, त्याच हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने 2012 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तांच्या निवडणुका घेतल्या, मतदान जेमतेम 15 टक्के झाले आणि निवडून आलेले निमूटपणे खुर्चीवर बसले. पुढे 2022 मध्ये पक्षाचा नेता निवडताना सभासदांना ऑनलाइन मत देण्याची मुभा होती. आम्हाला मात्र टपालच. टपालाचीही गंमत पाहा. 2019 मध्ये रॉयल मेलच्या कामगारांनी 76 टक्के मतदान करून 97 टक्के कौल दिला, परंतु संघटनेने घरी जायच्या मतपत्रिका कामाच्या जागीच हाती घेऊन मत द्यायला लावले, अशी कंपनीची तक्रार होती. ती मान्य करून उच्च न्यायालयाने संप रोखला. पत्रे वाटणाऱ्यांनाच आपले पत्र घरी जाऊन उघडण्याची सक्ती!

निवृत्त कार्मिक अधिकारी

‘आकडेमोड’ यांच्या गणितात चूक सापडली नाही, याचा त्यांना आनंद होणार असेल तर अवश्य घ्यावा. किमान मतदानाऐवजी एकूण सभासदांपैकी ठरावीक हिस्सा बाजूने असावा, अशी अट ठेवली तर हा विरोधाभास राहत नाही, एवढे मी सुचवतो. पेटी कामाच्या जागी ठेवण्यासही माझी हरकत नाही. रेल्वेत संघटनांच्या मान्यतेसाठी 2007, 2013 आणि 2024 मध्ये गुप्त मतदान झालेच. परंतु टेम्पोवरून मोजलेल्या हातांना मी मतदान म्हणणार नाही, मग मला कोणी मालकाचा माणूस म्हणो.

परळकर

हातांचा आग्रह येथे कोणी धरलाच नव्हता. पेटी ठेवा, पण ती व्यवस्थापनाच्या इमारतीत नको, तिन्ही पाळ्यांना वेळ मिळेल अशी ठेवा, आणि गावी गेलेल्या माणसाला मत कसे देता येईल ते संपापूर्वीच ठरवा. एवढे झाल्यावर निम्मे आले नाहीत, तर आपण मला जरूर सुनवावे.