हेल्थकेअर इंडेक्स फंड घ्यावा का? एफडीचे ४ लाख सुटतायत, मदत हवी आहे

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. माझी ४ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय आणि घरात दोन मतं पडलीत. नवरा म्हणतो पुन्हा एफडीच कर. मला यातले निदान निम्मे हेल्थकेअरच्या इंडेक्स फंडात (एखाद्या निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घालावेसे वाटतायत.

कारण सांगते. सासऱ्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी चढतोय. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून शून्यावर आला, म्हटलं आता तरी जरा हलकं होईल. तर नूतनीकरणाला मूळ हप्ताच असा वाढून आला की सगळी सूट त्यातच जिरली. खोलीभाडं, तपासण्या, औषधं, काहीच थांबत नाही. मग पैसा या धंद्यात जातोच आहे तर याच धंद्यातला थोडा हिस्सा आपल्याही नावावर का नको? दवाखान्याचा खर्च वाढला की फंडही वाढेल, आणि हप्ता त्यातून निघेल, असा माझा हिशोब.

सध्या निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात एसआयपी चालू आहे, साधारण ६ लाख जमलेत. डीमॅट खातं आहे, पण आयपीओ भरण्यापलीकडे त्याचा उपयोग केलेला नाही. बँकेतल्या साहेबांना विचारलं तर त्यांनी लगेच एका अ‍ॅक्टिव्ह (ज्यात शेअर मॅनेजर निवडतो) फार्मा फंडाचा फॉर्म पुढे केला, तोही रेग्युलर प्लॅनचा, म्हणजे कमिशन धरून. इंडेक्स म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

निफ्टी फार्मा आणि निफ्टी हेल्थकेअर या निर्देशांकांतलं कुठलं बरं? ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घ्यायचा-विकायचा फंड) की साधा इंडेक्स फंड? आणि एकरकमी की हप्त्याहप्त्याने? जाणकारांनी सांगावं. 'शेअर बाजार म्हणजे जुगार' छापाचे प्रतिसाद घरात पुरेसे मिळतात.

खडूसकाका

नवऱ्याचं ऐका. हे वाक्य मी इथे पहिल्यांदाच लिहितोय, नोंद घ्यावी.

बॅचनंबर

ताई, मी अंधेरीला एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे. तुमचा हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण निर्देशांकात जे भरलंय त्याच्याशी तो जुळत नाही.

निफ्टी हेल्थकेअरमध्ये सगळ्यात जड सन फार्मा. बाकी सिप्ला, डिव्हीज, डॉ. रेड्डीज, लुपिन वगैरे. यातल्या बऱ्याच जणांची मोठी कमाई अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जेनेरिक (पेटंट संपलेल्या) गोळ्यांवर आहे. भारताच्या औषध निर्यातीतला साधारण एक तृतीयांश माल तिकडेच जातो. मुलुंडच्या केमिस्टकडे तुमचं बिल वाढलं म्हणून यांचा नफा वाढतो असं नाही. उलट आपल्याकडे आवश्यक यादीतल्या औषधांच्या कमाल किमती एनपीपीए हे सरकारी प्राधिकरण बांधून देतं.

२०१५ नंतर काय झालं ते मी आतून बघितलंय. अमेरिकेतल्या मोठ्या घाऊक खरेदीदारांनी हातमिळवणी करून एकत्र खरेदी सुरू केली आणि भाव पाडून मागायला लागले. तिथल्या मंजुऱ्याही भराभर मिळायला लागल्याने एकाच गोळीला दहा विक्रेते झाले. जोडीला यूएसएफडीए, म्हणजे अमेरिकेचं औषध नियंत्रण खातं. २०१५ च्या नोव्हेंबरात डॉ. रेड्डीजच्या तीन प्लांटसाठी वॉर्निंग लेटर आलं, डिसेंबरात सनच्या हलोल प्लांटला. असं पत्र आलं की त्या प्लांटच्या नव्या मंजुऱ्या अडकतात आणि दुरुस्तीत वर्षं जातात. आमच्या खात्यात तेव्हा शनिवार-रविवार हा प्रकारच उरला नव्हता.

निफ्टी फार्मा एप्रिल २०१५ मध्ये १४ हजारांच्या जवळ होता, २०२० च्या जानेवारीत ८ हजारांच्या आसपास. तेवढ्याच काळात निफ्टी ५० साडेआठ-नऊ हजारांवरून १२ हजारांपलीकडे गेला. या पाच वर्षांत कुणाचा मेडिक्लेमचा हप्ता कमी झाला का? मग कोविड आला आणि हाच फार्मा २०२० मध्ये सुसाट सुटला. तुमचा हप्ता मात्र दरवर्षी ठरल्या तारखेला येतो.

परळ ते पार्ले

बॅचनंबर यांना +१. अजून एक. आपण मुंबईकर हॉस्पिटलातली गर्दी बघतो आणि म्हणतो, काय धंदा आहे! पण लीलावती, जसलोक, हिंदुजा, ब्रीच कँडी ही सगळी ट्रस्टची. केईएम, सायन, नायर महापालिकेची. टाटा मेमोरियल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतलं. यातल्या एकाचाही शेअर बाजारात मिळत नाही. निर्देशांकात मिळतात ती म्हणजे तुमच्याच मुलुंडला हॉस्पिटल असलेली फोर्टिस, पार्ल्याचं नानावटी चालवणारी मॅक्स, बेलापूरची अपोलो, आणि एखाद-दोन लॅबवाले.

गंमत पुढेच आहे. सासऱ्यांचा हप्ता ज्या विमा कंपनीला जातो ती या निर्देशांकात नसतेच. विमा कंपन्या वित्तसेवांमध्ये मोजतात.

व्याजावर व्याज

वरचं सगळं मान्य, तरी ताईंच्या प्रश्नांची उत्तरं कुणीच दिली नाहीत म्हणून लिहितो.

फार्मा की हेल्थकेअर? घ्यायचंच असेल तर हेल्थकेअर. दोन्हींत २० कंपन्या, पण फार्मात फक्त औषधवाले, हेल्थकेअरमध्ये हॉस्पिटलं आणि लॅब येतात, त्यांची कमाई बरीचशी देशातली. अमेरिकेचं ओझं तेवढं कमी. मात्र २००५ पासूनचे आलेख दाखवून कुणी भुलवलं तर लक्षात ठेवा, निफ्टी हेल्थकेअर हा निर्देशांक सुरूच झाला २०२० च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा भाग मागे जाऊन मोजलेला आहे, त्यात कुणी पैसे लावून कमावलेले नाहीत.

'इंडेक्स आहे म्हणजे पसरलेलं आहे' हेही इथे अर्धंच खरं. सेबीच्या २०१९ च्या नियमांनुसार सेक्टरच्या निर्देशांकात एका शेअरचं वजन ३५ टक्क्यांपर्यंत आणि वरच्या तिघांचं मिळून ६५ टक्क्यांपर्यंत चालतं. आज तितकं नाही, पण फॅक्टशीटमधले पहिले पाच शेअर बघूनच पैसे टाका.

ईटीएफ तुम्हाला नको. सेक्टरच्या ईटीएफमध्ये रोजची उलाढाल कमी असते. खरेदी-विक्रीच्या भावात फट पडते आणि आयएनएव्ही (ईटीएफमधल्या शेअरांची त्या क्षणाची किंमत) न बघता मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाकली तर महाग पडतं. इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन (मधल्या एजंटाशिवाय) घ्या, दिवसाच्या एनएव्हीला (युनिटच्या भावाला) व्यवहार होतो, एसआयपीही लागते. दोन फंडांत निवडताना नुसता खर्च बघू नका, ट्रॅकिंग डिफरन्स बघा, म्हणजे निर्देशांकाने दिलं किती आणि फंडाने तुमच्या हातात ठेवलं किती. बँकवाल्या साहेबांचा फॉर्म साभार परत.

कर: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर, सगळा इक्विटीचा नफा मिळून वर्षाला सव्वा लाखापर्यंत काही नाही, वर १२.५ टक्के. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात.

तुमच्या निफ्टी ५० मध्ये सन, सिप्ला, डॉ. रेड्डीज, अपोलो वगैरे आधीच आहेत, सगळं मिळून चार-पाच टक्के. त्यावर अजून २ लाख म्हणजे एकूण इक्विटीचा चौथा हिस्सा एका सेक्टरला. माझ्या मते फार होतं. हौसच असेल तर ५०-६० हजारांवर थांबा, तेही दीड-दोन वर्षांत पसरून, आणि २०१५ सारखी पाच वर्षं आली तरी हात लावायचा नाही या बोलीवर.

मुलुंडकरीण

सगळ्यांचे आभार. विमा कंपनीचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, आता आठवडाभर तेच ऐकावं लागणार. ५० हजार डायरेक्ट प्लॅनमध्ये एसआयपीने घालायचं जवळजवळ ठरलंय. पण मग हप्त्याचं काय? तो प्रश्न तिथेच राहिला.

व्याजावर व्याज

पुढच्या दोन-तीन वर्षांचे हप्ते एफडीत वेगळे काढून ठेवा, तारीख जुळवून. सध्याच्या पॉलिसीवर सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च ठरावीक रकमेपलीकडे गेला की वरचा भरणारी जोड पॉलिसी) मिळतं का बघा. मोठ्या आजारासाठी मूळ पॉलिसीची रक्कम वाढवण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं.

आणि हप्ता कुणाच्या खात्यातून भरता? आरोग्य विम्याच्या हप्त्याची करातली वजावट (८०डी) स्वतःच्या आईवडिलांसाठी मिळते, सासूसासऱ्यांसाठी नाही. तुम्ही भरत असाल तर ती बुडतेय. नवऱ्याने भरला आणि तो जुन्या करप्रणालीत असेल तर ज्येष्ठ पालकांसाठी ५० हजारांपर्यंत वजावट त्याला मिळेल. रोखीने मात्र भरू नका.

मुलुंडकरीण

माझ्याच कार्डावरून जातो! नवरा जुन्या प्रणालीतच आहे, गृहकर्जामुळे. यंदापासून त्याच्या गळ्यात. सासरे ७१ चे आहेत, साखर आहे. या वयात सुपर टॉप-अप कोण देतं, कुणाचा अनुभव?

खडूसकाका

त्याला वेगळा धागा काढा, इथे कुणी शोधणार नाही. आणि साखर लपवू नका, क्लेमच्या वेळी तीच पहिली निघते.