'इम्पीडन्स-सोर्स'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर
भाचीच्या प्रोजेक्टचा विषय आहे 'हाफ-ब्रिज इम्पीडन्स-सोर्स इन्व्हर्टर', म्हणजे डीसीचं एसी करणारं एक सर्किट. गोषवारा मराठीतही लिहायचाय. तिने कुठूनतरी आणलेलं शीर्षक : 'अर्ध-सेतू प्रतिबाधा-स्रोत प्रतीपक'. हे इन्व्हर्टरबद्दल आहे की भूतबाधेबद्दल, असं तिच्या आजीने विचारलं. सुचवा काहीतरी.

शब्दवेडा
'प्रतिबाधा' आणि 'प्रतीपक' दोन्ही हिंदीकडून आलेत. मराठी पुस्तकांत इम्पीडन्सला 'संरोध' सापडतो. साध्या रोधापेक्षा (रेझिस्टन्सपेक्षा) हा वेगळा, कारण यात कॉइल आणि कपॅसिटरचा अडथळाही धरलेला असतो.

मूळ शब्द मात्र झकास आहे. हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने तो 1886 मध्ये विजेसाठी वापरात आणला. लॅटिनमध्ये मुळाशी 'पाय' आहे. इम्पीड म्हणजे पायात अडकवणं. आपला 'खोडा' अगदी तोच! खोडा घालणे. माझं मत 'खोडा'ला.

वागळेवाला
खोडा ऐकायला छान, पण इथे उलटा पडतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वीस वर्षं ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे इन्व्हर्टर) दुरुस्त करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इन्व्हर्टरच्या एका लेगमध्ये, म्हणजे एका उभ्या फांदीत, दोन स्विच असतात, एक वर, एक खाली. दोन्ही एकदम चालू झाले की डीसी सरळ शॉर्ट, आणि आयजीबीटी (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) उडाली. फटाका ऐकू येतो, वास दिवसभर राहतो. म्हणून एक बंद करून दुसरा चालू करताना मध्ये काही मायक्रोसेकंद दोन्ही बंद ठेवतात. त्याला डेड टाइम म्हणतात.

इम्पीडन्स-सोर्समध्ये हीच चूक मुद्दाम करतात. डीसी आणि स्विच यांच्या मध्ये दोन कॉइल आणि दोन कपॅसिटर फुलीसारखे जोडलेले असतात. दोन्ही स्विच लागले की कपॅसिटर कॉइलमध्ये ऊर्जा भरतात. कॉइलमुळे करंट एकदम उसळत नाही, हळूहळू चढतो, म्हणून स्विच वाचतो. स्विच सुटला की कॉइलचं व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये भर घालतं आणि पुढे जास्त व्होल्टेज जातं. मूळ मांडणीत प्रत्येक चक्राचा पाव हिस्सा असा शॉर्ट ठेवला, तर 100 व्होल्टचे पुढे 200 होतात; कपॅसिटरवर 150 असतात. हिस्सा अर्ध्याच्या जवळ नेला की कागदावरचं व्होल्टेज आभाळाला भिडतं. प्रत्यक्षात त्याआधीच कॉइल तापते आणि स्विचची व्होल्टेजची मर्यादा संपते.

आता यात खोडा कुठे आला? हे तर दम धरून उडी मारणं झालं.

ऐरोलीकर
दादा, मग याला 'झेड-सोर्स' का म्हणतात? आकृती तर झेडसारखी दिसत नाही.

वागळेवाला
आकृतीत इंग्रजी एक्स दिसतो. झेड हे इम्पीडन्सचं चिन्ह, बाकी काही नाही. फांग झेंग पेंग यांनी 2002 मध्ये ही रचना मांडली, तेव्हापासून हेच नाव आहे.

शब्दवेडा
म्हणजे माझी अडचण 'खोडा' नसून 'स्रोत' आहे. वीज तर बॅटरीतून किंवा सोलर पॅनलमधूनच येते ना? कॉइल-कपॅसिटर कसले स्रोत?

वागळेवाला
बरोबर पकडलंत. इथे सोर्स म्हणजे ब्रिजच्या, म्हणजे स्विचच्या लेगच्या, मागे कोण उभं आहे ते. व्होल्टेज-सोर्सच्या मागे मोठा कपॅसिटर. तिथे लेग शॉर्ट केलेला चालत नाही. करंट-सोर्सच्या मागे मोठी कॉइल. तिथे वाट एकदम तोडलेली चालत नाही. इम्पीडन्स-सोर्सच्या मागे दोन्हींची जाळी असते, म्हणून तो शॉर्ट सोसतो.

शब्दवेडा
मग 'पाठबळ'! संरोध-पाठबळाचा इन्व्हर्टर. ऐकायला निवडणुकीसारखं वाटतं, पण अर्थ चुकत नाही. आणि दोन्ही स्विच एकदम लागण्याला 'आरपार' म्हणा. पाठ्यपुस्तकातला 'लघुपरिपथन' कुठल्याही शॉर्टला चालतो, इथे लेगमधून थेट वरून खाली जाणं दाखवायचंय. डेड टाइमला 'मृतकाळ' नको, सुतक वाटतं. 'उसंत' म्हणा.

वागळेवाला
उसंत आवडली. पोरांना उद्याच सांगतो. अर्थात ते डेड टाइमच म्हणणार.

तुर्भेची
'अर्ध-सेतू'चं काय करायचं? ठाण्यात अर्धा पूल म्हटलं की कोपरीच्या पुलाचं वर्षानुवर्षं चाललेलं काम आठवतं. शिवाय हाफ ब्रिज अर्धवट नसतो. एकच लेग असतो, दुसऱ्या लेगच्या जागी दोन कपॅसिटर डीसीचे दोन भाग करतात. त्यामुळे आउटपुटला डीसीच्या निम्मंच मिळतं. 230 व्होल्टच्या साइन वेव्हचं शिखर 325. तेवढ्यासाठी दोन लेगच्या फुल ब्रिजला किमान 325 व्होल्ट डीसी पुरतं, साध्या हाफ ब्रिजला 650 लागतं. म्हणूनच वाढवून देणारी जाळी त्याच्या मागे लावावीशी वाटते. मी 'एकपायी' म्हणेन. लेग म्हणजे पाय, आणि शब्दवेडा यांचा लॅटिन पायही त्यात आला.

शब्दवेडा
एकपायी! लंगडीचा डाव.

ऐरोलीकर
आणि इन्व्हर्टर? घरात तर तो बॅटरीचा डबा, लाइट गेली की चालतो.

शब्दवेडा
तो तसाच ठेवा. रेक्टिफायर एसीचं डीसी करतो, हा उलटं करतो, म्हणून इन्व्हर्टर. आपल्याकडे 'एकदिशकारक' आहे, त्याचा उलटा शब्द घडवायला गेलो तर जीभ मोडेल.

ऐरोलीकर
भाचीला दाखवलं. शीर्षक झालं 'संरोध-पाठबळाचा हाफ-ब्रिज इन्व्हर्टर'. 'एकपायी' तिच्या सरांनी खोडलं, 'आरपार' आणि 'उसंत' राहिले. आजी विचारतेय, उसंत किती वेळाची? एक मायक्रोसेकंद म्हटल्यावर म्हणाली, मला पण तेवढीच मिळते.