खुर्चीवरून घसरणारा मुलगा: स्वमग्नता आणि स्नायूंचा कमी टोन, घरी काय करता येईल?

औशाची आई (प्रश्न)

नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलाला दीड वर्षापूर्वी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. त्याच्या बोलण्यावागण्याविषयी बरेच वाचायला मिळते, परंतु माझा प्रश्न त्याच्या शरीराविषयी आहे. तो वीस महिन्यांचा झाल्यावर चालू लागला. तान्हा असताना काखेत हात घालून उचलले की हातांतून निसटतो आहे असे वाटायचे. आता तो पळतो, पण शाळेच्या पाऊण किलोमीटरच्या वाटेवर दोनदा खाली बसतो. घरी दोन्ही पाय मागे बाहेरच्या बाजूंना टाकून, डब्ल्यूच्या आकारात बसतो. खुर्चीवर बसवले तर पाच मिनिटांत घसरतो आणि वर्गात सरळ फरशीवर आडवा होतो. पेन्सिल इतकी हलकी धरतो की अक्षर उमटतच नाही.

थेरपिस्टनी 'स्नायूंचा टोन कमी' असे लिहून दिले आहे, परंतु लातूरला आमचे जाणे पंधरा दिवसांतून एकदाच होते. गुरुजींच्या मते लेकरू आळशी आहे. सासूबाईंच्या मते मालिश कमी पडले, शिवाय तूप वाढवायला हवे. मला मात्र एवढेच कळत नाही की तो आडवा होतो तेव्हा त्याचे शरीर थकलेले असते, की त्याला ते काम नको असते? आणि खेड्यात, कोणतेही साहित्य विकत न आणता, मी रोज काय करू शकते?

फिजिओथेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

ताई, आधी टोन म्हणजे काय ते सांगतो, कारण टोन आणि ताकद यांत नेहमी गल्लत होते. आपण स्वस्थ बसलेले असतानाही स्नायूंमध्ये थोडा ताण असतो, त्यालाच टोन म्हणतात. सुंभाची बाज सैल पडते तेव्हा सुंभ तुटलेले नसते, पण तिच्यावर बसणाऱ्याला स्वतःला सावरून बसावे लागते. तुमच्या मुलाचे दिवसभर तसेच चालते. इतर मुले ताठ बसण्यासाठी काहीच करत नाहीत, त्याला ते काम म्हणून करावे लागते, आणि त्याच वेळी फळ्याकडे पाहणे, ऐकणे व लिहिणेही त्याच्याकडून अपेक्षित असते. त्यातच अशा मुलांना आपले हातपाय कोठे आहेत याची सांध्यांकडून व स्नायूंकडून येणारी जाणीव अनेकदा पुसट असते. डब्ल्यूच्या आकारात बसले की बसण्याचा पाया रुंद होतो आणि पाठीला फारसे काम उरत नाही, म्हणून तो तसा बसतो.

थकवा की नकार, हे घरी पाहता येते. त्याच्या सर्वांत आवडीच्या खेळातही तो काही मिनिटांत आडवा होत असेल, तर शरीर थकते आहे असे धरा. आवडीच्या खेळात बराच वेळ बसतो आणि पाटी दिली की दोन मिनिटांत आडवा होतो, असे असेल तर तीच पाटी त्याला पोटावर झोपवून, कोपरांवर रेलायला लावून द्या. तेथे त्याने रेघा ओढल्या तर पाटीला त्याचा विरोध नव्हता. बसणे आणि लिहिणे ही दोन कामे त्याला एकदम झेपत नव्हती. अर्थात पुष्कळदा दोन्ही कारणे एकत्र असतात, कारण जे काम रोज थकवते ते नकोसेच होते.

व्यायामाआधी बालरोगतज्ज्ञांना एक गोष्ट अवश्य विचारा. कमी टोन हे लक्षण आहे, तो स्वतंत्र आजार नव्हे. स्वमग्न मुलांमध्ये तो वारंवार आढळतो, तरी थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा होत असेल तर वाढणारे द्रव्य) या तपासण्या झाल्या आहेत का ते पाहा. गरज वाटल्यास डॉक्टर फ्रॅजाइल एक्ससारख्या जनुकीय तपासण्याही सुचवतील. जमिनीवरून उठताना मुलगा स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील किंवा पूर्वी जमणारी पायरी आता जमत नसेल, तर थांबू नका. ही चिन्हे ड्युशेनसारख्या स्नायूंच्या आजाराकडे बोट दाखवतात आणि तेथे व्यायामाचे नियम वेगळे असतात.

आता बसण्याविषयी. खुर्चीवर त्याचे पाय लोंबकळत असतील तर तो घसरणारच. पायांखाली दोन विटा ठेवा, त्यांवर पोते गुंडाळा. गुडघे व घोटे काटकोनात यायला हवेत आणि टेबल त्याच्या कोपराच्या उंचीला असावे. जमिनीवर मांडी घालताना त्याची पाठ गोल होत असेल तर बुडाखाली गोधडीची जाड घडी द्या. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर आली की पाठ आपोआप सरळ होते. डब्ल्यूसाठी रागावू नका. 'पाय पुढे' एवढे दोन शब्द म्हणा आणि पाय पुढे घेण्यास हाताने मदत करा.

व्यायाम म्हणून पोटावरचे खेळ सर्वांत उपयोगी. त्याला बाजेवर पालथे झोपवा, छाती व हात काठाबाहेर येऊ द्या आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात एकेक दगड टाकू द्या. हातांवर चालवायचे असेल तर त्याला घोट्यांना न धरता मांड्यांना धरा, नाहीतर पोट खाली लोंबते आणि कमरेवर ताण येतो. दोन्ही हातांत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या देऊन अंगण ओलांडणे, नांगरलेल्या रानात ढेकळांवरून चालणे, परातीत भाकरीचे पीठ मळणे, हे सारे व्यायामच आहेत. एका वेळी पाच ते सात मिनिटे आणि दिवसातून तीन चार वेळा पुरे. सलग अर्धा तास करू नका, आणि उन्हाळ्यात दुपारी तर नकोच. लिहायला बसण्याआधी दोन मिनिटे उड्या मारू द्या. झोळीत संथ झुलवून लगेच लिहायला बसवू नये, कारण त्याने शरीर आणखी सैलावते. आणि मनगटाला धरून त्याला ओढून कधीही उठवू नका. सैल सांध्यांना ते सोसत नाही.

टोन पूर्ण बदलेल असे वचन मी देणार नाही. ताकद, तोल आणि टिकून राहण्याची क्षमता मात्र वाढते, आणि रोजच्या जगण्यात फरक पडतो तो त्यांनीच.

अंबाजोगाईचा बाबा

वरील उत्तर मी जपून ठेवले आहे. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. आम्ही केलेली चूक सांगतो, म्हणजे तुमचे एक वर्ष वाचेल.

आम्हाला दहा व्यायामांची यादी मिळाली होती. ती मी भिंतीवर चिकटवली आणि दुकान बंद करून आल्यावर रोज रात्री आठ वाजता मुलाला माळवदाच्या पायऱ्या वीस वेळा चढायला लावू लागलो, मोठ्याने आकडे मोजत. तीन आठवड्यांत तो 'चल' हा शब्द ऐकला की कानांवर हात ठेवून किंचाळू लागला आणि पायऱ्यांकडे फिरकेना. आमचा मुलगा हट्टी नव्हता. हे किती वेळ चालणार आणि कोठे संपणार हे त्याला कळत नव्हते, आणि स्वमग्न मुलासाठी न कळणे हाच मोठा त्रास असतो.

पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी सुचवले तसे आम्ही मोबाईलवर पायऱ्यांचा, परातीचा आणि त्याच्या आवडत्या भोवऱ्याचा फोटो काढला, ते छापून घेतले आणि एका पट्टीवर ओळीने लावले. एक काम झाले की तो फोटो तो स्वतः काढून डब्यात टाकतो. शेवटी भोवरा आहे, हे त्याला समोर दिसते. पायऱ्यांसाठी आकडे सोडून दिले. त्याला बाटल्यांची झाकणे फार प्रिय होती. ती खालच्या पायरीवर ठेवली आणि पत्र्याचा डबा वर माळवदावर. झाकण टाकल्यावर 'टण्' असा आवाज येई आणि तो दुसरे झाकण आणायला खाली जाई. पहिल्याच दिवशी त्याने चौदा फेऱ्या केल्या.

हातांसाठी आमच्याकडे पोळा कामी आला. पोळ्याच्या आधी काळी माती भिजवून आम्ही बैल करायला बसलो, पण ओल्या मातीला तो बोटही लावेना. मग माती घट्ट ठेवली आणि लाटण्याने दाबायला दिली. दोन दिवसांनी अंगठा लागला, नंतर पूर्ण पंजा. शिंगे ओढायला अंगठा आणि दोन बोटे लागतात, पेन्सिलीला लागते तीच पकड. पहिल्या वर्षीचा बैल तीन पायांचा झाला. तो अजून कोनाड्यात आहे.

आणखी एक. एका मोठ्या शहरातील दवाखान्यात आम्हाला स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) इंजेक्शन घेतल्याने टोन आणि बोलणे दोन्ही सुधारेल असे सांगून काही लाखांचा आकडा सांगितला गेला आणि मी रानाचा तुकडा विकण्याच्या विचारात होतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा उपचारांची परवानगी मुख्यतः रक्ताच्या काही विकारांपुरती आहे. स्वमग्नता त्यांत बसत नाही. असे कोणी सुचवले तर आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

नांदेडची आजी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मीही नातवाला रोज तेल लावते. मालिशने स्नायूंत ताकद येत नाही हे मला सुनेच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, तरी मी ते सोडलेले नाही, कारण हलक्या हाताने लावले की तो झटकतो आणि घट्ट दाबून लावले की शांत पडून राहतो. त्यानंतर तो मला मिठी मारू देतो. मालिश सुखासाठी करावे, व्यायामाच्या बदल्यात नव्हे. तूप मात्र बेताने घाला. वजन वाढले की सैल सांध्यांना तेही पेलावे लागते.

विशेष शिक्षिका, परभणी

गुरुजींवर रागावू नका, त्यांना लेखी द्या. थेरपिस्टकडून एका पानावर तीन गोष्टी लिहून घ्या: मुलाला भिंतीला टेकून बसू द्यावे, त्याचा पाट वर्गातच ठेवावा, आणि गोष्ट ऐकताना त्याला पालथे पडायला परवानगी असावी. माझ्या वर्गातील एक मुलगी पालथी पडूनच पाढे ऐकायची आणि सर्वांत आधी म्हणून दाखवायची. पेन्सिल जाड व मऊ शिशाची द्या, किंवा नेहमीच्या पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. लिहून पूर्ण केले नाही म्हणून मधल्या सुट्टीतला खेळ बंद करण्याची शिक्षा या मुलांना तर मुळीच नको. त्यांना तोच तास सर्वांत जास्त हवा असतो.

पंधरा दिवसांतून एकदा जाणे फारच कमी होते, म्हणून सरकारी वाट धरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते. त्यांच्याकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे डीईआयसीसाठी, चिठ्ठी मागा. ही सेवा अठरा वर्षांपर्यंत मोफत आहे. गटसाधन केंद्रात जाऊन समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या विशेष शिक्षकांनाही भेटा. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नता नव्हती, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही स्वमग्नतेचे प्रमाण ठरवणारी मोजपट्टी वापरतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि थेरपीचा काही खर्चही त्यात येतो.

औशाची आई

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे. आधी पाहून घेतले: काडेपेट्यांची रांग लावणे हा त्याचा सर्वांत आवडता खेळ, आणि त्यातही तो सातव्या मिनिटाला आडवा झाला. म्हणजे शरीरच थकत होते. मी त्याला किती वेळा ओरडले ते आठवून वाईट वाटले. गोधडीची घडी दिल्यावर तोच खेळ बारा मिनिटे चालला. बाजेवर पालथा पडून त्याने पाटीवर ज्या रेघा ओढल्या त्या लांबूनही दिसत होत्या. त्या मी गुरुजींना नेऊन दाखवल्या. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भिंतीजवळची जागा त्याला मिळाली. सासूबाईंनी पीठ मळताना त्याच्यासाठी वेगळा गोळा काढून ठेवायला सुरुवात केली आहे. आकडे मोजायचे नाहीत, हे मी घरात सर्वांना बजावले आहे.

उठताना तो मांड्यांवर हात टेकत नाही, हे तीन दिवस लक्ष ठेवून पाहिले. तरीही रक्त दिले आहे. सीपीकेचा अहवाल शुक्रवारी मिळणार आहे. मिळाला की येथेच कळवीन.